जर्मन पूर्वजांचं गाव शोधायचंय? आधी चर्चच्या वह्या बघा

गार्गी_ओहायो :

नमस्कार मंडळी. माझ्या नवऱ्याचं घराणं मूळचं जर्मन, इथे ओहायोत येऊन पाच-सहा पिढ्या झाल्या. घरात कोणालाही विचारलं तर एकच उत्तर, "आपण प्रशियातून आलो." आता प्रशिया म्हणजे ऱ्हाइन नदीच्या काठापासून ते पार आजच्या लिथुआनियाच्या सीमेपर्यंतचा मुलूख, त्यात एका भूमिहीन माणसाचं घर कुठे शोधणार? पण ते सापडलं, आणि चर्चच्या नोंदवह्यांमुळेच सापडलं. इथे अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांत आता जर्मन आडनावाचे जावई-सुना आहेत, मुलं मोठी झाली की विचारतात की बाबांकडचे लोक कुठले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, सरकारी कागदांवर फार आशा ठेवू नका. जनगणनेत १८५० पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव येतं, पण जन्मस्थान म्हणून प्रशिया, हॅनोव्हर, बव्हेरिया एवढंच. १९०० च्या जनगणनेत अमेरिकेत आल्याचं साल मिळतं, ते जरूर टिपून ठेवा. १८९० ची जनगणना तर १९२१ च्या आगीत जवळपास सगळी गेली. नागरिकत्वाच्या कागदांचं १९०६ च्या आधी तेच, "प्रशियाच्या राजाशी असलेली निष्ठा सोडतो" असं लिहिलेलं असतं आणि गावाचा पत्ता नाही. ओहायोत जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८६७ ला सुरू झाली तीही काउंटीच्या पातळीवर, त्याआधी कोणी जन्मलं किंवा वारलं तर ते फक्त चर्चला माहीत.

आणि चर्चचा पाद्री स्वतः जर्मन असायचा, हे फार महत्त्वाचं आहे! जनगणनेच्या इंग्रजी बोलणाऱ्या कारकुनाला लाडबर्गेन काय नि लेंगरिख काय, जर्मनीतली ही गावं सगळी सारखीच. पण पाद्रीबुवांना गाव माहीत असायचं, स्पेलिंग माहीत असायचं, आणि बऱ्याच मंडळ्या एकाच भागातून आलेल्या असायच्या त्यामुळे कोण कुठल्या गावचा हे तिथे विचारलंच जायचं. म्हणून लग्नाच्या आणि दफनाच्या नोंदीत "अमुक गाव, तमुक जिल्हा, वेस्टफालिया" (प्रशियाचा एक पश्चिमेकडचा प्रांत) असं स्वच्छ लिहिलेलं मिळतं. सगळीकडे मिळेल असं नाही, काही पाद्री फार कंजूष लिहिणारे, पण जिथे मिळतं तिथे सोनं.

कुठलं चर्च हे कसं शोधायचं? काउंटीच्या कोर्टातल्या लग्नाच्या नोंदीत लग्न लावणाऱ्याचं नाव असतं. ते नाव घ्या आणि त्या साली तो कुठल्या चर्चमध्ये होता ते शोधा, शहर असेल तर जुन्या सिटी डिरेक्टरीत पाद्र्यांची यादी असते. मग कळतं की ते चर्च आज त्या नावाने नाहीच. ओहायो, मिसुरी, इलिनॉय इथली पुष्कळ जर्मन प्रोटेस्टंट चर्चं 'इव्हँजेलिकल' पंथाची होती, तो पंथ १९३४ मध्ये रिफॉर्म्ड या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथात मिळाला आणि १९५७ मध्ये ते सगळं युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये गेलं. म्हणजे पाटीवर जर्मन काहीच दिसणार नाही पण ऑफिसच्या कपाटात जर्मन वह्या असतात. मिसुरी सिनॉड या चर्चसंघाचे लुथरन (मार्टिन लुथरला मानणारे प्रोटेस्टंट) असतील तर सेंट लुइसला कॉन्कॉर्डिया हिस्टॉरिकल इन्स्टिट्यूट आहे. कॅथलिक असतील तर त्या त्या डायोसिसचं, म्हणजे बिशपच्या प्रांताचं, अर्काइव्ह (दप्तरखाना).

आमच्या बाबतीत दफनाच्या नोंदीत लाडबर्गेन, जिल्हा टेक्लेनबुर्ग असं निघालं, आणि वय असं लिहिलेलं, इतकी वर्षं, इतके महिने, इतके दिवस. मृत्यूच्या तारखेतून ते वजा केलं की जन्मतारीख येते. ती घेऊन लाडबर्गेनच्या बाप्तिस्म्याच्या वहीत गेलो तर त्याच तारखेला तो मुलगा, आईबापांची नावं, साक्षीदारांची नावं, सगळं. या पश्चिम ओहायोत न्यू नॉक्सव्हिल म्हणून गाव आहे, तिथली बरीचशी वस्ती त्या एका लाडबर्गेनहून आली. नील आर्मस्ट्राँगच्या आईकडचे पूर्वजही तिथलेच.

एक सांगते, ज्या लोकांकडे जमीन नव्हती, ज्यांच्यावर कधी खटला नाही, ज्यांनी मृत्युपत्र केलं नाही, त्यांची आयुष्यभराची लेखी खूण म्हणजे चर्चच्या वहीतल्या चार ओळी. बाळंतपणात गेलेल्या बायका, चार दिवसांची बाळं, यांची नावं आणखी कुठेच नाहीत. म्हणून मला या वह्यांचं फार मोल वाटतं.

ज्यांनी असं काही शोधलंय त्यांनी आपापला अनुभव लिहा प्लीज.

नाशिककर_आजोबा :

गार्गीताई, छान लिहिलंत. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला नि नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्याची नावं असतात, माझ्या पणजोबांच्या हातची सही मी तिथे पाहिली आहे. एक प्रश्न, जर्मनीत सरकारी नोंद नव्हती का? जर्मन लोक इतके शिस्तीचे.

गार्गी_ओहायो :

आजोबा, होती पण उशिरा. प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ पासून आणि सगळ्या जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून. ऱ्हाइनच्या पश्चिमेला फ्रेंचांचं राज्य आलं तेव्हा १७९८ च्या सुमारास सुरू झाली होती, तो भाग सोडा. बाकीकडे त्याआधीचं सगळं चर्चकडे. आणि अमेरिकेत गेलेल्यांचे दोन मोठे लोंढे, १८५४ च्या आसपासचा आणि १८८२ च्या आसपासचा. १८५४ मध्ये एका वर्षात दोन लाखांवर जर्मन आले, १८८२ मध्ये अडीच लाखांच्या घरात. दोन्हीतल्या बहुतेक मोठ्या माणसांचा जन्म १८७४ च्या आधीचा, त्यामुळे चर्चशिवाय गत्यंतर नाही.

तुमच्या वह्यांवरून आठवलं, फॅमिलीसर्च ही वंशावळीची साइट चालवणाऱ्या युटाच्या ज्या संस्थेने जर्मन चर्चच्या वह्यांची मायक्रोफिल्म काढली त्याच संस्थेने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही काढली आहे.

म्युन्स्टरवाला :

मी म्युन्स्टरला नोकरीला आहे, लाडबर्गेन इथून सायकलने जाण्यासारखं. टेक्लेनबुर्ग जिल्हा १९७५ पासून नाही, तो आता श्टाइनफुर्ट जिल्ह्यात आहे, नकाशात शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. जुनं गाव कुठल्या जिल्ह्यात, त्याचं पॅरिश (धर्मग्राम) कुठलं हे बघायला १९१२ च्या सुमाराचं मायर्स गॅझेटियर, म्हणजे गावांचा कोश, ऑनलाइन फुकट आहे, साम्राज्यातली वाड्यावस्त्यांसकट सगळी गावं त्यात आहेत. वाडीला स्वतःचं चर्च नसेल तर नोंदी शेजारच्या गावात असतात, हे न बघता लोक "रेकॉर्ड नाही" म्हणून सोडून देतात.

आता या भागाची खरी अडचण लिहितो, आडनावं. इथे आडनाव माणसाचं नसायचं, शेताचं असायचं. समजा श्रोएडर आडनावाच्या मुलाने मायरच्या शेताच्या वारस मुलीशी लग्न केलं की तो त्या शेतावर राहायला जाणार आणि त्याचं आडनाव मायर होणार. मुलंही मायर. बायको वारली आणि त्याने दुसरं लग्न केलं तरी त्या दुसऱ्या बायकोची मुलंसुद्धा मायर, रक्ताचा मायर त्यात कोणीच नाही! वहीत "श्रोएडर गेनान्ट मायर" असं येतं, म्हणजे मायर म्हणून ओळखला जाणारा श्रोएडर. लॅटिन वह्यांत त्याच जागी आलियास, वुल्गो किंवा मोडो असतं. आणि भूमिहीन कुटुंब एका शेतावरून दुसऱ्या शेतावर गेलं की काही ठिकाणी त्यांचंही नाव बदललेलं दिसतं. अमेरिकेत गेल्यावर एक भाऊ श्रोएडर लावतो नि दुसरा मायर, आणि दीडशे वर्षांनी त्यांच्या वंशजांना वाटतं आपला काही संबंध नाही. म्हणून या पट्ट्यात नुसतं आडनाव टाकून सर्च करणं व्यर्थ, शेत कुठलं ते बघा, बाप्तिस्म्याचे साक्षीदार बघा, ते बहुतेक वेळा काका-मामा-आत्याच असतात.

बापाचा धंदा पण नीट वाचा. 'कोलोन' लिहिलं असेल तर शेताचा धनी, 'हॉयरलिंग' लिहिलं असेल तर भूमिहीन कूळ. इथे शेत वाटलं जात नव्हतं, एकच मुलगा धनी व्हायचा, बाकीच्यांनी धन्याच्या जमिनीवर छोटं घर आणि पट्टी भाड्याने घ्यायची आणि बदल्यात धनी बोलावेल तेव्हा राबायला जायचं. वरचा पैसा यायचा जवसाच्या तंतूंचं (लिननचं) सूत कातून, कापड विणून आणि उन्हाळ्यात हॉलंडला गवत कापायला जाऊन. यंत्राचं स्वस्त सूत बाजारात आलं तसा तो विणकामाचा पैसा आटला आणि हेच हॉयरलिंग लोक जहाजात बसले. दक्षिणेला वुर्टेम्बर्गात, बाडेनच्या बऱ्याच भागात उलटं, तिथे जमीन सगळ्या मुलांत वाटून वाटून तिच्या पट्ट्या झाल्या आणि पोट भरेना. म्हणजे वारसाची पद्धत उलट आणि शेवट एकच, अमेरिका. ही गोष्ट वहीतल्या त्या एका शब्दावरून कळते.

वेस्टफालियाच्या प्रोटेस्टंट वह्या आर्किऑन या साइटवर आहेत, २०१५ ला सुरू झाली, पैसे पडतात पण महिन्याचा पास घेऊन काम होतं. आधी गाव पक्कं करा आणि मगच पास घ्या. कॅथलिकांसाठी माट्रिकुला, ती पूर्ण फुकट आहे, म्युन्स्टर, पाडरबोर्न, पासाउ या डायोसिस तिथे आहेत.

इतिहासवेडी_पुणे :

बापरे, शेताचं आडनाव! हे अजिबात माहीत नव्हतं. पण जहाजाच्या याद्या असतात ना, त्यात गाव नसतं का?

म्युन्स्टरवाला :

हँबुर्गहून गेले असतील तर नशीब चांगलं, १८५० ते १९३४ च्या हँबुर्गच्या याद्या टिकल्या आहेत आणि त्यात बऱ्याचदा राहण्याचं गाव असतं. पण या आमच्या भागातले लोक जायचे ब्रेमेनहून, आणि ब्रेमेनच्या जुन्या याद्या जागा नाही म्हणून तिथल्या ऑफिसने वेळोवेळी नष्टच केल्या, उरलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. १९२० ते १९३९ मधल्याच काय त्या थोड्याफार आहेत. अमेरिकेच्या बाजूला न्यूयॉर्क, बाल्टिमोर, न्यू ऑर्लिन्सच्या आगमनाच्या याद्या १८२० पासून आहेत पण तिथे परत तेच, प्रशिया. शिवाय एलिस आयलंड १८९२ चं आहे, त्याआधीचे सगळे एलिस आयलंडवरून आले असं समजून तिथे शोधणारे खूप भेटतात.

वसईचा_मायकल :

मी वसईचा कॅथलिक, हा धागा वाचून फार आनंद झाला. आमच्या धर्मग्रामातही बाप्तिस्मा, लग्न, दफन अशा वेगळ्या वह्या असतात, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबाप आणि धर्ममाता-धर्मपिता यांची नावं. ही पद्धत सगळीकडे सारखी आहे कारण कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये बाप्तिस्मा आणि लग्नाची वही ठेवणं सक्तीचं केलं, मृत्यूची १६१४ मध्ये. त्यामुळे बव्हेरियातली लॅटिन नोंद आणि गोव्यातली जुनी नोंद यांचा साचा एकच, एकदा साचा पाठ झाला की लॅटिन न शिकताही नोंद कळते. जर्मनीत मग इतक्या ठिकाणी वह्या १६५० च्या पुढेच का सुरू होतात?

गार्गी_ओहायो :

मायकलभाऊ, तीस वर्षांचं युद्ध, १६१८ ते १६४८. गावंच्या गावं जळली त्यात चर्चही जळली. ज्या गावांत त्याआधीच्या वह्या आहेत त्यांचं भाग्य. काही लुथरन गावांत तर १५०० च्या शतकातल्या वह्याही आहेत.

तारखांबद्दल पण लिहायला हवं कारण तिथे लोक फार अडकतात. जुन्या वहीत तारखेऐवजी "ट्रिनिटीनंतरचा सातवा रविवार" असं असतं, ट्रिनिटी हा ईस्टरनंतरचा सण, त्यासाठी त्या वर्षीचा ईस्टर काढून मोजावं लागतं. सप्टेंबर म्हणून ७ आकडा आणि पुढे बर, ऑक्टोबरला ८ आणि बर, म्हणजे सातवा महिना जुलै समजू नका. कॅथलिकांनी नवीन कॅलेंडर १५८२ नंतर लवकरच घेतलं पण प्रोटेस्टंट राज्यांनी १७०० मध्ये, तिथे १८ फेब्रुवारीनंतर एकदम १ मार्च येतो. आणि फ्रेंच राज्यात होता त्या भागात १८०५ च्या अखेरपर्यंत क्रांतीचं कॅलेंडर, त्यात महिन्यांची नावंच वेगळी.

अजून एक, चार मुलगे आणि चौघांचंही पहिलं नाव योहान. हाक मारायचं नाव पुढचं, हाइनरिख किंवा विल्हेल्म, आणि अमेरिकेत तोच हेन्री नि विल्यम होतो. मूल गेलं की पुढच्या बाळाला तेच नाव द्यायचे. त्यामुळे जन्म सापडला की लगेच खूश न होता दफनाची वही पुढची पंधरा वर्षं वाचून काढा, तो मुलगा लहानपणीच गेला नाही ना हे बघा. चौदाव्या वर्षाच्या आसपास कन्फर्मेशनची (चर्चमधल्या दृढीकरण विधीची) नोंद असते, ती सापडली तर तो तोवर जिवंत होता हे पक्कं. साइटवर आयत्या मिळणाऱ्या फॅमिली ट्रीमध्ये लहानपणी वारलेल्या मुलाला अमेरिकेत नेऊन त्याचं लग्न लावलेलं असतं, कोणी एकाने टाकलं की शंभर जण कॉपी करतात. मूळ पानाचा फोटो बघितल्याशिवाय काहीही मान्य करू नका.

मिलवॉकी_मंदार :

माझ्या बायकोकडचे लोक पोमेरेनियाचे, १८३९ च्या जुन्या लुथरन मंडळींबरोबर आलेले असं घरात सांगतात. आता तो भाग पोलंडमध्ये. काही उरलंय का की प्रयत्नच सोडून द्यायचा?

म्युन्स्टरवाला :

सोडू नका हो. जुने लुथरन म्हणजे प्रशियाच्या राजाने १८१७ पासून लुथरन आणि रिफॉर्म्ड चर्च एकत्र केली ते ज्यांना मान्य नव्हतं ते लोक, पाद्र्यांना तुरुंगात टाकलं म्हणून आख्खी मंडळी पाद्र्यासकट निघाली. विस्कॉन्सिनमधलं फ्राइश्टाट त्यांनीच वसवलं. म्हणजे एकाचं गाव कळलं की शेजाऱ्यांचं पण कळण्याची शक्यता फार, त्यामुळे तुमच्या सासरच्यांचं मिळत नसेल तर त्याच चर्चमधल्या दुसऱ्या कुटुंबांच्या नोंदी वाचा.

पोमेरेनियाच्या वह्यांचं नुकसान खूप झालं हे खरं, पण काही पोलंडच्या सरकारी अर्काइव्हमध्ये आहेत, श्चेचिनला विशेष, आणि पोलिश अर्काइव्हची ऑनलाइन साइट फुकट आहे. पूर्वेकडच्या वाचलेल्या बऱ्याच प्रोटेस्टंट वह्या बर्लिनच्या इव्हँजेलिकल केंद्रीय अर्काइव्हकडे आल्या, कॅथलिक वह्या रेगेन्सबुर्गला आल्या होत्या, पण त्यातल्या बऱ्याच नंतर पोलंडला परत गेल्या. युद्धाआधी काढलेल्या मायक्रोफिल्मही आहेत. पोमेरशर ग्राइफ नावाची अभ्यासकांची संस्था आहे, कुठल्या गावाचं काय उरलं याची त्यांच्याकडे माहिती मिळते.

रेवती_ह्यूस्टन :

युद्धाआधी मायक्रोफिल्म कशासाठी काढली? वंशावळीची आवड म्हणून?

इतिहासवेडी_पुणे :

रेवती, नाही गं, कारण भयंकर आहे. १९३३ नंतर नाझींनी नोकरीसाठी, पुढे लग्नासाठी, 'आर्य' असल्याचा पुरावा मागायला सुरुवात केली आणि तो पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांचे बाप्तिस्म्याचे दाखले, म्हणून वह्यांच्या फिल्म काढल्या. चर्च ऑफिसांतून असंख्य दाखले दिले गेले, आणि बर्लिनमध्ये तर १९३६ मध्ये चर्चनेच ऑफिस उघडून जुन्या वह्यांतून बाप्तिस्मा घेतलेले ज्यू हुडकून त्यांची कार्डं केली, ती माहिती सरकारला दिली गेली. तुमच्या जर्मन सासरच्या घरात त्या काळची 'आनेनपास' नावाची पुस्तिका असेल तर त्यात चार-पाच पिढ्यांच्या नोंदी शिक्क्यासकट असतात, संशोधनाला उपयोगी आहेच. पण ती कशासाठी भरून घेतली होती हे मुलांना सांगितल्याशिवाय दाखवू नये असं मला अगदी मनापासून वाटतं. पूर्वज शोधणं आणि रक्त शुद्ध आहे का बघणं यात फरक आहे, तो सांगायलाच हवा.

गार्गी_ओहायो :

शंभर टक्के सहमत. आणि वह्या नीट वाचल्या तर 'शुद्ध' वगैरे काही उरतच नाही, वर आडनावांचं वाचलंत ना.

मिलवॉकी_मंदार :

माहितीबद्दल खूप आभार. पण ते अक्षर! एक पान उघडलं आणि सगळ्या नुसत्या उभ्या रेघा. ते वाचायचं कसं?

गार्गी_ओहायो :

मंदार, ती कुरेंट लिपी, त्यात ई हे अक्षर एन सारखं दिसतं, यू वर छोटं हुकसारखं चिन्ह असतं, एस उभा लांब असतो. आपल्याकडे मोडी शिकतात तशीच शिकायची, रोज थोडं थोडं. आधी घरातल्या माहीत असलेल्या लोकांची नावं स्वतः त्या लिपीत लिहून बघा म्हणजे डोळ्याला आकार ओळखीचा होतो. मग त्याच पाद्र्याचं एखादं पान जिथे सगळी माहीत असलेली नावं आहेत ते वाचा, त्याची अक्षरं कळली की पुढची वीस वर्षं सोपी जातात, पाद्री बदलला की परत मेहनत. ट्रान्सक्रिबस म्हणून सॉफ्टवेअर आहे, ते बरंच वाचून देतं पण नावांच्या बाबतीत आपल्या डोळ्यांनी पडताळा. बायकांच्या आडनावाला शेवटी 'इन' लागतं, म्युलरिन म्हणजे म्युलरच, वेगळं घराणं नाही.

आणि वुर्टेम्बर्गचे पूर्वज असतील त्यांनी आधी फॅमिलीन-रेगिस्टर बघा, १८०८ पासून प्रत्येक कुटुंबाला एक पान, आईबाप, सगळी मुलं, तारखा, आणि समासात "अमेरिकेला गेला" असंही लिहिलेलं सापडतं. एवढं सोपं बाकी कुठे नाही. बाडेनच्या १८१० ते १८७० च्या प्रती तिथल्या सरकारी अर्काइव्हच्या साइटवर फुकट आहेत.

रेवती_ह्यूस्टन :

एक शेवटचं विचारते, माझ्या सासऱ्यांच्या आईचा जन्म जर्मनीतलाच, १९२० नंतरचा. तिची नोंद मिळेल का? आणि पत्र इंग्रजीत चालेल?

म्युन्स्टरवाला :

रेवतीताई, त्यासाठी चर्च नाही, जन्मगावाचं श्टांडेसअम्ट म्हणजे नोंदणी कार्यालय. जन्मनोंद ११० वर्षं, लग्नाची ८० आणि मृत्यूची ३० वर्षं तिथेच राहते, नंतर अर्काइव्हला जाते. ११० वर्षं झाली नसतील तर सहसा थेट वंशजासारख्या जवळच्या नातेवाइकालाच देतात, त्यामुळे अर्ज सासऱ्यांच्या नावाने करा आणि नातं दाखवणारे कागद जोडा. पत्र जर्मनमध्येच लिहा, छोटं, एका पत्रात एकच मागणी, नाव-तारीख-गाव वेगळ्या ओळीत. फी किती ते आधी विचारा. मसुदा करून इथे टाका, मी जर्मन तपासून देतो, पण तारखा नि नावं इथे टाकू नका, ती जागा रिकामी ठेवा.

रेवती_ह्यूस्टन :

नक्की. या वीकेंडला सासऱ्यांकडून जन्मगाव विचारून घेते आणि मसुदा टाकते.